खासगी वैमानिक परवाना: पैसा कुठे जातो आणि हाती काय येतं

प्रश्न असा आहे: वय ३८, नोकरी पक्की, घरी दोन लहान मुलं. विमान चालवून पोट भरायचं नाही, फक्त स्वतः उडवायला शिकायचंय. खासगी वैमानिक परवान्याला खरा खर्च किती येतो, आणि एवढा पैसा घालून शेवटी मिळतं काय?

मी गेली २२ वर्षं लहान विमानांवर प्रशिक्षक आहे. हे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एवढंच सांगते की खर्च रकमेत मोजू नका, तासांत मोजा. विमानाच्या तासाचा दर जागोजागी वेगळा असतो आणि तो एका फोनवर कळतो. तुम्हाला तास किती लागतील हे मात्र फोनवर कोणी सांगत नाही, आणि सगळं बिल त्या आकड्यावर ठरतं.

कागदावर तो आकडा ४० आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांप्रमाणे खासगी परवान्याला किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून शिकलात तर ३५. त्यातले किमान १० तास एकट्याने उडायचं असतं. त्या १० तासांतले ५ तास क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे एका विमानतळाहून लांबच्या दुसऱ्या विमानतळावर जायचे, आणि त्यात एक उड्डाण निदान २७० किलोमीटरचं, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. देशोदेशीचे नियम थोडेफार बदलतात, पण सांगाडा हाच. शाळा हिशेब देतात तो ४० गुणिले तासाचा दर असा. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याला प्रत्यक्षात ६० ते ७० तास लागणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे मनाशी धरलेल्या रकमेच्या दीडपट तयारी ठेवूनच आत पाय टाका.

हे जादाचे २५ तास जातात कुठे? हात मंद असतो म्हणून फार थोडे जातात. बरेचसे दोन धड्यांमधल्या खंडात वाहून जातात.

माझ्या दोन विद्यार्थ्यांचं सांगते. दोघंही साधारण तुमच्याच वयाचे, दोघंही हुशार. एकाने सुरुवात करण्याआधी दीड वर्ष पैसे साठवले, मग आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा आला आणि पाच महिन्यांत ४८ तासांत परीक्षा देऊन मोकळा झाला. दुसरा पगार होईल तसतसा येत होता, महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. त्याला अडीच वर्षं आणि ८० हून जास्त तास लागले. महिन्याला थोडे थोडे दिल्यामुळे त्याला ते स्वस्त वाटत होतं, पण शेवटी त्याने पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजले. त्याच्या प्रत्येक धड्याची पहिली वीस मिनिटं मागचा धडा परत आणण्यात जायची.

असं का होतं ते लँडिंगवरून कळेल. धावपट्टीभोवती एक फेरी मारून उतरायचं आणि लगेच पुन्हा उडायचं, याला सर्किट म्हणतात. एका तासात अशी सहा-सात सर्किटं होतात. त्यातला अवघड भाग म्हणजे फ्लेअर. जमीन जवळ आली की योक, म्हणजे समोरची सुकाणूदांडी, हळूहळू मागे ओढायचा आणि विमान धावपट्टीपासून हातभर उंचीवर वेग हरवेपर्यंत तोलून धरायचं. हे प्रत्येक खेपेला पाच-सहा सेकंद चालतं. सात खेपा धरल्या तर तासाभराचं भाडं भरून त्या कौशल्याचा सराव मिनिटभरही होत नाही! एवढ्याशा सरावातून डोळ्याने कमावलेला उंचीचा अंदाज तीन आठवड्यांच्या खंडात टिकणार कसा? तीन दिवसांत परत आलात तर टिकतो.

म्हणून माझा आग्रह असा की निदान ५० तासांचा पैसा बाजूला पडल्याशिवाय पहिला नियमित धडा घेऊ नका. वाट पाहणं जिवावर येतं, मला माहीत आहे. तोपर्यंत लेखी परीक्षा उरकून घ्या. हवामानशास्त्र, दिशादर्शन, हवाई नियम, विमानाची यंत्रणा, हे सगळं घरी बसून होतं आणि लेखी पास होऊन आलेला विद्यार्थी हवेत निम्म्या वेळात गोष्ट उचलतो.

त्याच्याही आधी वैद्यकीय तपासणी. खासगी परवान्याला दुसऱ्या श्रेणीचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. माझ्याकडे एक मुलगी १८ तास उडून झाल्यावर तपासणीला गेली आणि रंगांच्या ठिपक्यांतले आकडे तिला वाचता येईनात. पुढे दुसऱ्या चाचण्या झाल्या, रात्री उडायचं नाही या अटीवर प्रमाणपत्र मिळालं, पण मधले चार महिने गेले आणि तिच्या हाताचं वळण पार गेलं. रक्तदाब, साखर, एखादं नियमित औषध, जुनं फिटचं दुखणं, यातलं काहीही असेल तर विमानतळाच्या आधी हवाई वैद्यकीय परीक्षकाकडे जा. तुम्ही ३८ चे आहात. आंतरराष्ट्रीय नियमात चाळिशीपर्यंत हे प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, त्यानंतर मुदत दोन वर्षांवर येते. तो खर्चही आत्ताच धरून ठेवा.

आता तासाच्या दरात काय असतं ते बघू, म्हणजे घासाघीस कुठे करायची आणि कुठे नाही ते कळेल. सेस्ना १७२ सारखं चार आसनी विमान तासाला तीसेक लिटर इंधन पितं. दोन आसनी सेस्ना १५२ तेवीसेक लिटरवर भागवतं. हे इंधन पंपावरचं पेट्रोल नव्हे. ते निळसर रंगाचं एव्हिएशन गॅसोलीन असतं, शिसं असलेलं, आणि ते महाग पडतं. शिवाय या विमानांच्या इंजिनाला साधारण २,००० तासांनी पूर्ण खोलून नवं करावं लागतं, म्हणून मालक प्रत्येक तासातून त्यासाठी काही रक्कम बाजूला टाकतो. भाड्याच्या विमानाची दर १०० तासांनी तपासणी, विमा, हँगर म्हणजे विमान ठेवायच्या शेडचं भाडं, आणि वर प्रशिक्षकाची फी. दर विचारताना इंधन धरून आहे का इंधनाशिवाय, हे स्पष्ट विचारा. वेळ कशावर मोजतात तेही विचारा. हॉब्स मीटर इंजिन चालू आहे तोवर घड्याळासारखा पळतो. टॅक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे जमिनीवर रेंगाळताना तो हळू सरकतो. वर्षभराच्या हिशेबात हा फरक चांगलाच जाणवतो.

कोणत्याही शाळेच्या दरपत्रकात नसलेला एक खर्च विमानतळाच्या निवडीत दडलेला असतो. मोठ्या, गजबजलेल्या विमानतळावर विमान जमिनीवर लांबवर चालवत न्यायचं, मग प्रवासी विमानांच्या मागे इंजिन चालू ठेवून थांबायचं. एका उड्डाणामागे अशी १५ मिनिटं गेली आणि परवान्यापर्यंत ६० उड्डाणं झाली तर १५ तास नुसते जमिनीवर गेले. लॉगबुकात ते धरले जातात, पण त्यातून शिकायला फारसं मिळत नाही. छोट्या विमानतळापर्यंत पाऊण तास गाडी चालवावी लागत असली तरी तिथेच शिका. मोठ्या विमानतळाच्या नियंत्रण टॉवरशी बोलायची सवय नंतर चार-पाच उड्डाणांत होते.

स्वस्तातला स्वस्त तास कुठे मिळतो माहीत आहे? घरच्या खुर्चीत. कॉकपिटचं चित्र समोर लावा, डोळे मिटा आणि इंजिन चालू करण्यापासून बंद करण्यापर्यंत अख्खं सर्किट मोठ्याने बोलत, हात हलवत करा. डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने उडताना, कोणता वेग, फ्लॅप म्हणजे पंखांमागच्या झडपा कधी उघडायच्या, रेडिओवर काय बोलायचं, आणि इंजिन इथेच बंद पडलं तर कुठे जायचं. रोज पंधरा मिनिटं. हे करणारा विद्यार्थी विमानात बसला की मला दहा मिनिटांत ओळखू येतो, कारण त्याचं डोकं बाहेर बघायला मोकळं असतं. घरच्या संगणकावरचा सिम्युलेटरही रेडिओ आणि दिशादर्शनाच्या सरावाला चांगला. लँडिंग मात्र त्यावर शिकू नका. उपकरणांच्या काट्यांकडे बघत बसायची खोड लागते आणि ती मोडायला मला तुमचेच तास वापरावे लागतात.

हेडसेट, नकाशे, पुस्तकं, परीक्षेची फी, रेडिओचा परवाना: सगळं मिळून एकूण खर्चाच्या मानाने लहान. वापरलेला साधा हेडसेट पहिल्या वर्षाला पुरतो.

पैसे आगाऊ भरण्याबद्दल दोन शब्द, कारण यात मी लोकांना रडताना पाहिलं आहे. सुरुवातीच्या काळात मी ज्या शाळेत शिकवायचे, तिथे पूर्ण फी एकदम भरली तर सूट मिळायची. एका सोमवारी शाळेला कुलूप होतं. ज्यांनी कर्ज काढून भरले होते त्यांचे पैसे गेले, आणि माझ्यासकट प्रशिक्षकांचे तीन महिन्यांचे पगारही. त्यानंतर मी कोणालाच दहा तासांपेक्षा जास्त आगाऊ भरू देत नाही, मग सूट कितीही असो.

वेळेची किंमत पैशाइतकीच खरी आहे. एक तास उडायला अर्धा दिवस जातो: प्रवास, हवामान बघणं, विमानाची तपासणी, टाकीच्या तळातून थोडं इंधन काढून त्यात पाणी नाही ना हे पाहणं, उड्डाण, आणि नंतर बसून झालेल्या चुकांवर बोलणं. शिवाय वाऱ्यामुळे, ढगांमुळे, विमान दुरुस्तीला गेल्यामुळे तीनातला एखादा धडा रद्द होणार असं धरून चला. तुमची मुलं लहान आहेत. त्या सहा-आठ महिन्यांत सुट्टीच्या सकाळी घर कोण सांभाळणार, हे जोडीदाराशी आधी नीट बोला. अर्ध्यात सोडून गेलेल्यांपैकी बरेच जण पैसे संपले म्हणून गेले नव्हते. घरात धुसफुस सुरू झाली म्हणून गेले.

मधे कुठेतरी, साधारण बारा ते वीस तासांच्या दरम्यान, असे दिवस येतील की लँडिंग जमत होतं तेही बिघडेल. हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. विमान कधी आपटतं, कधी धावपट्टीवर तरंगत राहतं, आणि आपण यासाठी जन्मलोच नाही असं वाटायला लागतं. अशा वेळी मी लँडिंग थांबवते आणि विद्यार्थ्याला कमी वेगाने धावपट्टीवरून फूट-दोन फूट उंचीवर नुसतं सरळ उडायला लावते. जमीन इतक्या जवळून सरकताना दिसली की नजर कुठे ठेवायची ते सापडतं. त्यावर खर्च होतो फार तर एक तास.

परवाना मिळाल्यावर काय, हा विचार फार थोडे जण आधी करतात. परवाना मिळूनही दोन-तीन वर्षांत उडणं थांबलेले लोक मी ओळखते, आणि त्यांच्याकडे पाहून मला खरंच वाईट वाटतं. सगळा पैसा परीक्षेपर्यंतच्या हिशेबात गेलेला असतो. अमेरिका आणि युरोपच्या नियमांत प्रवासी बसवायचे असतील तर मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात. कायद्याला तेवढं पुरतं, पण मला ते पुरेसं वाटत नाही. महिन्याला दोन तास, म्हणजे वर्षाला पंचवीसेक, यापेक्षा कमी उडणाऱ्या नव्या वैमानिकाच्या शेजारी मी माझ्या घरच्यांना बसू देणार नाही. तेव्हा हिशेब करताना पुढच्या तीन वर्षांचे हे तासही मांडा. ते परवडत नसतील तर आत्ता थांबा आणि आणखी साठवा.

स्वतःचं विमान घ्यायचं स्वप्न तुम्हालाही पडेल. विमान विकत घेणं अनेकांना जमतं. हँगर, विमा आणि वार्षिक तपासणी या गोष्टी विमान उडो न उडो चालूच राहतात, आणि त्या माणसाला थकवतात. वर्षाला शंभरेक तास उडत नसाल तर भाड्याचं विमान किंवा चार-पाच जणांत मिळून घेतलेलं विमान बरं. भागीदार निवडताना त्यांच्या पैशापेक्षा ते विमान कसं ठेवतात ते बघा.

मिळकत? खासगी परवान्यावर पैसे घेऊन विमान चालवता येत नाही. तसंच हे प्रवासाचं साधन म्हणूनही फारसं भरवशाचं नाही. सोमवारी सकाळी कामावर असायलाच हवं अशा माणसाने रविवारी संध्याकाळच्या परतीच्या उड्डाणावर विसंबू नये. मूळ परवाना बाहेर बघून उडण्याचा असतो. ढगात शिरलात की कानातला तोल तुम्हाला फसवतो. विमान वळत असतं आणि शरीर सांगतं की सरळ चाललंय. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडायचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांना, बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून, प्रशिक्षकाबरोबर उडायला लावलं. विसातल्या एकालाही विमान ताब्यात ठेवता आलं नाही. ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. थोड्या तासांच्या सरावानंतर तेच लोक ढगातून उलट वळून बाहेर यायला शिकले, म्हणून हा सराव मी प्रत्येकाकडून अभ्यासक्रमाच्या गरजेपेक्षा जास्त करून घेते. त्याचे दोन-तीन तास वाचवायच्या मागे लागू नका.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की बाई परावृत्तच करतेय. तसं नाही. आता दुसऱ्या बाजूचं सांगते, आणि ते सांगताना मला आजही भरून येतं.

एक दिवस तीन चांगली लँडिंग झाल्यावर प्रशिक्षक इंजिन चालू असतानाच दार उघडून खाली उतरतो. शेजारची खुर्ची रिकामी होते. विमान एका माणसाच्या वजनाने हलकं होतं, त्यामुळे ते अपेक्षेपेक्षा लवकर जमीन सोडतं आणि भराभर चढतं. वर गेल्यावर कळतं की आता हे खाली आणणारं आपल्याशिवाय कोणी नाही. माझं पहिलं सोलो जेमतेम सात मिनिटांचं होतं. डाउनविंडला मी मोठ्याने चेकलिस्ट म्हणत होते, आणि आवाज माझाच असूनही तो एखाद्या जाणत्या माणसाचा वाटत होता. नंतर मी शेकडो जणांना सोलोला सोडलं. धावपट्टीच्या कडेला उभी राहून त्यांचं लँडिंग होईपर्यंत मी आजही श्वास धरून ठेवते. परत आल्यावर ते फारसं बोलत नाहीत. चेहरा मात्र वेगळा असतो, आणि तो बघण्यासाठी मी हे काम सोडलेलं नाही.

दुसरी मिळकत हळूहळू येते. तुम्ही हवा वाचायला लागता. दुपारी ढग उभे वाढायला लागले, वाऱ्याने दिशा बदलली, क्षितिज दुधाळ झालं, हे रस्त्याने चालतानाही दिसायला लागतं. उन्हाने तापलेल्या दिवशी हवा विरळ होते, विमान धावपट्टी जास्त खातं आणि चढायला कुरकुर करतं, हे एकदा हाताला कळलं की ऊन बघायची नजरच बदलते. पूर्वी नुसतं आभाळ होतं तिथे आता ढगांच्या तळाची उंची, वाऱ्याचा वेग आणि दृश्यमानता दिसते.

आणि तिसरी, माझ्या लेखी सर्वांत मोठी. वर ज्याला अडीच वर्षं लागली तो विद्यार्थी परवाना मिळाल्यावर दोन महिन्यांनी वडिलांना घेऊन निघाला. वडील ७४ वर्षांचे, मुलाने चालवलेल्या विमानात पहिल्यांदाच बसलेले. निम्म्या वाटेवर पुढच्या टेकड्यांवर ढगांचा तळ खाली येताना दिसला. नियमाने पुढे जाता आलं असतं, थोडं खालून, थोडं घासून. त्याने विमान वळवलं आणि ४० मिनिटांत मूळ विमानतळावर आणून उतरवलं. वडील जरा हिरमुसले होते. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘वळायला अर्धं मिनिट लागलं, पण ठरवायला दहा मिनिटं.’ मी त्याला सांगितलं की ८० तासांचे पैसे वसूल झाले. पुढच्याच रविवारी, स्वच्छ हवेत, त्याने वडिलांना तिथवर नेऊन आणलं.

तुमच्या बाबतीत म्हणाल तर ३८ हे वय अजिबात जास्त नाही. पंचवीस वर्षांच्या मुलांपेक्षा तुमच्या वयाची माणसं निर्णय बरे घेतात, फक्त हाताला वळण लागायला थोडे तास जास्त लागतात. क्रम असा ठेवा: या महिन्यात वैद्यकीय तपासणी, मग घरच्यांशी बोलणं, मग दोन-तीन विमानतळांवर जाऊन प्रत्येक ठिकाणी ओळख करून घेण्यापुरतं एक उड्डाण. त्या वेळी प्रशिक्षक किती ओरडतो, विमान आतून कसं ठेवलंय आणि तिथल्या विद्यार्थ्यांना परवान्यापर्यंत प्रत्यक्षात किती तास लागतात, हे बघा. शेवटचा आकडा सांगायला शाळा कचरली तर तिथून निघा.

शाळा ते पहिलं उड्डाण बहुधा सकाळी लवकर देतील, हवा लोण्यासारखी असते तेव्हा. तुम्ही मुद्दाम दुपारचं मागा. जमीन तापल्यावर विमान हेलकावे खातं, पोट ढवळतं, घाम फुटतो. उतरल्यावर दोन दिवस जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी कामाच्या मधे मान वर करून ढगांचा तळ किती उंच असेल याचा अंदाज बांधत असलात, तर ५० तासांचे पैसे साठवायला लागा.